च्युइंगम माझं, कार्डं तिची

११ मार्च १९९०, रविवार

पास्टर लिंडगार्ड आज प्रवचनात म्हणाले, की उपासाच्या दिवसांत काही सोडण्यापेक्षा काहीतरी धरून पाहा. गेल्या वर्षी मी कॉफीतली साखर सोडली होती. त्याचा त्रास मला कमी आणि तिला जास्त झाला, असं माझी बायको मार्लिस म्हणते. म्हणून यंदा लिहायचं धरलं आहे. रोज जमेल असं नाही. शेतांमधल्या एका खोलीच्या शाळेत आठवीपर्यंत शिकलो, त्यानंतर लिहिण्याची वेळ फारशी आली नाही.

काय लिहू? बसमधल्या मुलांचं लिहितो. तेवीस वर्षं मी शाळेची बस चालवतो, पण असं वेड पाहिलं नव्हतं. मुलं बेसबॉलच्या कार्डांची खोकी घेऊन चढतात. कार्डावरच्या खेळाडूकडे कोणी बघत नाही. आधी कार्डांच्या किमतींचं मासिक उघडून भाव बघतात. आम्ही ही कार्डं सायकलच्या आऱ्यांना अडकवायचो, म्हणजे मोटारसारखा फडफडाट व्हायचा. आता प्रत्येक कार्डाला प्लास्टिकचं पाकीट. प्रसादाची भाकर पास्टर जशी दोन बोटांनी उचलतात, तशी मुलं कार्ड उचलतात. (हे लिहायला नको होतं. पण तसंच दिसतं.)

“मिस्टर हॉगन, तुमच्याकडे जुनी कार्डं नाहीत का?” एकाने विचारलं.

मी म्हटलं, “मला च्युइंगम मिळायचं. कार्डं बहिणीची.”

सगळे हसले. पण खरं तसंच होतं. दुकानात मुलीने कार्डं मागितली की लोक बघत बसायचे, म्हणून अर्डिस मला पैसे देऊन पाठवायची. एकाच पुड्यात दोन्ही असायचं; पुडा फोडला की च्युइंगम माझं, कार्डं तिची. मला हा व्यवहार फार फायद्याचा वाटायचा.

१४ मार्च, बुधवार

चर्चच्या तळघरात सूपचं जेवण. अर्डिस पियानो वाजवून खाली आली, तेव्हा तिला मुलांचं सांगितलं. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, ते बंद झाल्यावर आईकडे पाहिलं. आई गेल्या ऑक्टोबरात गेली.

“आहेत की अजून,” ती म्हणाली. “बिस्किटांच्या डब्यात. भाव आलाय म्हणतोस?”

“फार.”

“मग विकून टाकते. एक्स्चेंजमधली लावोन किती दिवस मागे लागली आहे, ॲरिझोनाला ये म्हणून. तिच्या शेजारचं एक चाकांवरचं घर रिकामं होतंय. सुरुवातीचे पैसे तेवढे कमी पडतायत.”

मी सूप ढवळत राहिलो. “इथे काय वाईट आहे?”

“वाईट काही नाही, ऑर्ली. पण इथे मला थांबवणारं आता आहे कोण?”

“मी आहे की.”

“तुला मार्लिस आहे,” ती म्हणाली आणि माझ्या बशीत आणखी एक पाव ठेवला. “कार्डं विकली गेली तर जाईन. नाही गेली तर राहीन. त्यांनाच ठरवू दे.”

घरी आल्यावर मार्लिस म्हणाली, “बरं झालं. देव आता च्युइंगमच्या पुड्यातून बोलायला लागला.”

३१ मार्च, शनिवार

डबा घेऊन अर्डिसला व्हर्लिन डालच्या दुकानात नेलं. व्हर्लिन आमच्याच शाळेतला, तिच्या वर्गातला. त्याचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आहे. दोन वर्षांपासून अर्ध्या काउंटरवर कार्डं मांडतो, आणि त्याच्या तोंडूनच ऐकलं, की रंधे-हातोड्यांपेक्षा तीच जास्त खपतात. बायको चार वर्षांपूर्वी गेली. बोलणं कमी.

त्याने हात धुतले, पुसले, मग डबा उघडला. जवळजवळ प्रत्येक कार्डावर अर्डिसने पेन्सिल चालवलेली! खेळाडूची बदली झाली की ती जुन्या संघाच्या नावावर काट मारायची आणि वर नवा संघ लिहायची. काही जणांच्या तीन-तीन बदल्या.

“हे काय केलंयस, अर्डिस?” व्हर्लिन म्हणाला. “यांची किंमत गेली.”

“चुकीची माहिती तशीच ठेवायची होती का मी? सेंट लुईसला गेलेल्या माणसाला क्लीव्हलँडच्या टोपीत?”

तो हसला. तिच्यावर नाही, खाली बघून. मग त्याच्या हाताला बड कोवालिकचं कार्ड लागलं. कोवालिकचं पहिल्या वर्षाचं. तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं, पुढे तो मोठा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, झाला आणि या हिवाळ्यात त्याला बेसबॉलच्या मानाच्या दालनात घेतलं. पुढची बाजू अगदी कोरी, कोपरे धारदार. याला एका बऱ्या पिकअप गाडीची किंमत येईल, असं व्हर्लिनच म्हणाला.

मग त्याने ते उलटं केलं. मागे खाली पेन्सिलीने लिहिलेलं: ‘देणार नाही’. आमच्या शाळेत ज्याची अदलाबदल करायची नसेल, त्या कार्डावर मुलं असं लिहायची, म्हणजे वाद नको.

व्हर्लिन बराच वेळ ते धरून उभा राहिला. एक गिऱ्हाईक बिजागऱ्या मागत होतं, ते याच्या कानातच शिरलं नाही. मी समजलो, पेन्सिलीमुळे किती पैसे कापायचे याचा हिशेब करतोय.

“हे तुझ्याकडूनच आलं होतं, व्हर्लिन,” अर्डिस म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती.

“आठवतंय.”

मलाही आठवलं. शाळेचा नियम होता, कार्डाला कार्ड. फुकट कोणी काही द्यायचं नाही, त्यातून भांडणं होतात, असं बाईंचं म्हणणं. पण हे कार्ड याने तिला दिलं आणि बदल्यात काही घेतलंच नाही. मुलं महिनाभर त्याला चिडवत होती. धंदा त्याला तेव्हाही कळत नव्हता.

निघताना तो म्हणाला, “घाई करू नका. एप्रिलच्या मासिकात भाव वाढेल.”

१३ एप्रिल, गुड फ्रायडे

संध्याकाळच्या उपासनेत दिवे एकेक करून विझवले. शेवटी अर्डिस अंधारातच, न बघता वाजवत होती. मनात आलं, पुढच्या वर्षी इथे कोण वाजवेल?

आधी मी कार्डाला चांगला भाव येवो अशी प्रार्थना करत होतो. आज लक्षात आलं, की काही दिवसांपासून मी ती जाऊ नये अशीही करतोय. दोन्ही त्याच्यापर्यंत पोहोचल्या असतील. त्याने बिचाऱ्याने काय करावं?

६ मे, रविवार

व्हर्लिनची लक्षणं मला ठीक दिसत नाहीत. एप्रिलचं मासिक आलं, भाव वाढला. तर हा म्हणतो, मे बघू. मेचं आलं. आता म्हणतो, मिनियापोलिसच्या एका जाणकाराला पत्र टाकलंय. त्याचं उत्तर काही येत नाही.

आणि कार्ड दुकानात ठेवून घ्यायला तयार नाही. म्हणतो, घरीच राहू दे, दुकानात ओल आहे. ओल? दुकानात लोखंड विकतो हा माणूस! मग ते ‘तपासायला’ म्हणून अर्डिसच्या घरी जातो. मंगळवारी प्लास्टिकचं पाकीट घेऊन गेला. शुक्रवारी भिंग घेऊन. काल म्हणे पाकीट मोठं झालं, म्हणून दुसरं. सोबत परसातल्या रुबार्बच्या आंबट देठांची जुडी.

कार्ड तपासायला रुबार्ब कशाला लागतं?

१९ मे, शनिवार

आज अर्डिसच्या पन्हाळीचं गळणं बघायला गेलो, तर व्हर्लिन शिडीवर. पन्हाळ दुरुस्त केलेली. टाय लावून! शनिवारी टाय लावलेला माणूस एकतर बँकेत निघालेला असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो. मी मुद्दाम विचारलं, “बँकेत निघालास का?”

“नाही,” तो म्हणाला आणि लाल झाला.

आत रेडिओवर सामना लागलेला. आमचा मिनेसोटाचा संघ यंदा खालच्या अंगाला आहे. अर्डिस जुन्या सवयीने वहीत खुणा करत धावफलक लिहीत होती. व्हर्लिनने तीन कप कॉफी घेतली. याला कॉफीने जळजळ होते, हे मला चर्चच्या तळघरामुळे माहीत आहे.

“अर्डिस, ॲरिझोनात आपले सामने ऐकू येतील का गं?” त्याने विचारलं.

“तिथे ऊन ऐकू येईल.”

“म्हणजे तुझीच बदली होतेय म्हणायची. काट मारायला हवी.”

ती हसली नाही. पेन्सिल हातातच राहिली आणि पुढचे दोन फटके तिने लिहिलेच नाहीत. एवढी चूक मी तिच्याकडून कधी पाहिली नव्हती. खरंच, एवढ्या गप्पांत लक्ष कसं राहणार? मी व्हर्लिनला म्हटलं, “जरा गप्प बस, तिला ऐकू दे.”

९ जून, शनिवार

मार्लिसला सगळं सांगितलं. तो भाव पाडून कार्ड स्वतःच घेणार, असा माझा अंदाज आहे. सारखं ‘थांबा, थांबा’ करून विकणाऱ्याला कंटाळा आणायचा, ही व्यापाऱ्यांची जुनी रीत.

मार्लिस कपडे वाळत घालत होती. चिमटे तोंडात धरून हसायला लागली, तर दोन खाली पडले.

“काय झालं?”

“काही नाही. तू नजर ठेव त्याच्यावर,” ती म्हणाली. “पण लांबून ठेव हं, ऑर्लिन. फार लांबून.”

२४ जून, रविवार

अर्डिसने घराचे पडदे काढून धुतले. लावोनचं पत्र आलंय, ते घर सप्टेंबरपर्यंतच राखून ठेवतील. अर्डिस म्हणाली, “तुझ्या त्या व्हर्लिनला सांग, विकायचं असेल तर वीक म्हणावं, नाहीतर स्पष्ट बोल.” आवाज जरा चढला होता.

माझा व्हर्लिन! पण निरोप दिला. तो खिळे तोलत होता. म्हणाला, “तिने असं म्हटलं? स्पष्ट बोल म्हणाली?”

“हो. स्पष्ट.”

त्याने तेच खिळे पुन्हा तोलले. मग म्हणाला, “ऑगस्टात अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये कार्डांचा बाजार भरणार आहे. तोवर बघू.”

या माणसाला स्पष्ट बोलता येत असतं, तर आत्तापर्यंत तो श्रीमंत झाला असता.

४ ऑगस्ट, शनिवार

बाजार. एवढी माणसं हॉलमध्ये मी आग लागली तेव्हाही पाहिली नव्हती. दोन-तीन परगण्यांतून लोक आले. बापलेक न फोडलेल्या पुड्यांची खोकीच्या खोकी घेऊन जात होते. मी विचारलं, आत कोणती कार्डं आहेत? तर म्हणाले, फोडायचं नाही, किंमत जाते. म्हणजे आत काय आहे, हे कोणी कधी बघणारच नाही. च्युइंगम आतच दगड होणार.

अर्डिस आली नाही. डबा माझ्या हाती देऊन म्हणाली, “मला ते बघायचं नाही.”

मिनियापोलिसचा एक व्यापारी आला होता, कडक इस्त्रीचा, पण सभ्य. कोवालिक पाहून त्याचे डोळे चमकले. उलटं केल्यावर चमक गेली. म्हणाला, “हे पेन्सिलीचं नसतं, तर आत्ता चेक फाडला असता. असं असताना निम्मेच. पुढच्या शनिवारी मी इकडूनच परत जाणार आहे. विचार करा.”

मी विचारलं, “खोडलं तर?”

तो खांदे उडवून म्हणाला, “मी खोडा असं सांगणार नाही. तुमचं कार्ड आहे. जसं दिसेल तसा भाव.”

तेवढ्यात व्हर्लिन शेजारच्या टेबलावरून जवळजवळ ओरडलाच. “हात लावायचा नाही त्याला! जुना कागद आहे, फाटेल!” सगळे वळून बघायला लागले. आता माझी खात्री पटली. भाव निम्म्यावर राहावा, ही त्याचीच इच्छा.

१० ऑगस्ट, शुक्रवार

आठवडाभर डबा माझ्याकडे आहे आणि मला स्वस्थता नाही.

आज दुपारी बस धुतली आणि आतच बसून राहिलो. रिकाम्या बसमध्ये प्रार्थना बरी होते. स्वतःला विचारलं, तुला तिचं सुख हवंय, की पियानोपाशी कोणीतरी बसलेलं हवंय? आईसाठी तिने घर सोडलं नाही. आता माझ्यासाठी सोडू नये, असं मला वाटतंय. मग माझ्यात आणि तिला आयुष्यभर धरून ठेवणाऱ्या सगळ्यांत फरक काय?

लहानपणी च्युइंगम मी खाल्लं. पण कार्डं तिचीच होती. त्यांचा पूर्ण भाव तिला मिळायला हवा.

घरी येऊन पावाच्या आतला मऊ भाग मळून त्याची गोळी केली. भिंतीवरच्या कागदाचे डाग मार्लिस तसेच काढते. कार्ड स्वयंपाकघराच्या टेबलावर पालथं ठेवलं आणि हलक्या हाताने घासलं. कागद फाटला नाही. ‘देणार’ गेलं, मग ‘नाही’ गेलं. प्रकाशात धरलं तर किंचित ठसा दिसतो, तोही मलाच, कारण मला माहीत आहे.

मी तिला जाऊ दिलं. मनाला बरं वाटायला हवं होतं.

११ ऑगस्ट, शनिवार

आजचं सगळं नीट लिहितो, म्हणजे कधीतरी कळेल.

दहा वाजता आम्ही व्हर्लिनच्या दुकानात. तो व्यापारी, अर्डिस, मी. व्हर्लिनने पुन्हा टाय लावला होता. मी कार्ड काउंटरवर पालथं ठेवलं आणि म्हटलं, “आता बघा.”

व्यापाऱ्याने भिंग लावलं, तिरकं धरलं, ठसा त्याला दिसला की नाही कोण जाणे. खिशातून चेकबुक काढलं.

व्हर्लिनने कार्ड पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंगच उडाला. मला त्याची दया आली. पूर्ण किंमत देण्याची वेळ आली की व्यापाऱ्याचं असं होत असावं.

“ऑर्लिन,” तो म्हणाला, “ते तिने लिहिलेलं होतं.”

“माहीत आहे. म्हणून तर हलक्या हाताने खोडलं.”

“तुला काहीच माहीत नाही,” तो म्हणाला. इतक्या रागाने तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मग अर्डिसकडे वळला. “मलाही माहीत नव्हतं. मार्चपर्यंत. मला वाटायचं, तू ते कधीच कुणाला तरी देऊन टाकलं असशील. एवढी वर्षं मला तसंच वाटत होतं.”

 अर्डिसने कार्ड उचललं, मागे बोट फिरवलं. जिथे अक्षरं होती, तिथे.

“मार्चमध्ये वाचलंस,” ती म्हणाली. “आता ऑगस्ट आहे, व्हर्लिन.”

“हो.”

“पाकिटं आणलीस. भिंग आणलंस. पन्हाळ दुरुस्त केलीस.”

“रुबार्बपण,” तो म्हणाला.

“आणि मासिकाचा भाव सांगत बसलास.”

“तू विकायलाच आली होतीस. मी काय म्हणणार होतो? विकू नको म्हणायला मी कोण?”

व्यापारी चेकबुक उघडं धरून माझ्याकडे बघत होता. मीही त्याच्याकडेच बघितलं. आम्हा दोघांना सारखंच समजत होतं.

मग अर्डिसने काउंटरवरची पेन्सिल घेतली. सुतारांना विकतात ती जाड, चपटी. टोक जिभेला लावलं, शाळेत लावायची तसं, आणि कार्डाच्या मागे, त्याच जागी, दाबून लिहिलं: ‘देणार नाही’. पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात. आता पावाने काय, कशानेच निघणार नाही.

पायावर कोणाचा पाय पडावा तसा आवाज व्यापाऱ्याच्या घशातून आला. तो म्हणाला, “बाईसाहेब, तुम्ही आत्ता एक पिकअप खोडलीत.”

“माझ्याकडे गाडी आहे,” अर्डिस म्हणाली. मग व्हर्लिनला म्हणाली, “लावोनला फोन करायचा आहे. तुझा फोन वापरू?”

“काय सांगणार आहेस?”

“बदली रद्द.”

व्हर्लिन हसायला लागला. आधी थोडं, मग काउंटरला धरून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. समोर एवढी किंमत धुळीला मिळाली आणि व्यापारी असून हा हसत होता! मी घरी येऊन मार्लिसला सगळं सांगितलं. ती मात्र हसली नाही. पाव मळतानाचं पीठ हाताला तसंच होतं, तरी तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“तू खोडलंस, म्हणून तिला परत लिहावं लागलं,” ती म्हणाली. “कळतंय का तुला?”

मी म्हटलं, “थोडंथोडं.”

१६ सप्टेंबर, रविवार

उपास केव्हाच संपला, पण वही चालू राहिली. महिनाभर लिहिण्यासारखं पुष्कळ होतं आणि वेळ नव्हता. अर्डिसच्या घराला व्हर्लिन रंग देतोय, मी शिडी धरतो. आज उपासनेत तो पहिल्यांदा आमच्या बाकावर बसला. पास्टर लिंडगार्ड यांनी पाहिलं आणि भजनाचा आकडा चुकीचा सांगितला. अर्डिसने तरी बरोबर तेच वाजवलं.

दुपारी चौघं तिच्या ओसरीत. रेडिओवर सामना. आमचा संघ तळाला गेला आहे. अर्डिस म्हणते, बरं झालं, आता आणखी खाली जायची काळजी नाही. कोवालिकचं कार्ड स्वयंपाकघरात भिंतीला लावलंय, मागची बाजू पुढे करून. पाहुण्यांना वाटतं, उलटं लागलंय.

व्हर्लिनने दुकानातून यंदाचा एक पुडा आणला होता. म्हणाला, “न फोडता ठेवला तर पुढे किंमत येईल.”

“कुणाला?” म्हणत अर्डिसने तो फोडलासुद्धा. कार्डं पदरात घेतल्यासारखी मांडीवर पसरली आणि पेन्सिल शोधायला लागली, कारण एकाची जुलैतच बदली झाली होती. च्युइंगमची पट्टी तिने न बघता माझ्याकडे सरकवली.

व्हर्लिनच्या वाट्याला पुड्याचा कागद आला. त्याने तो गुळगुळीत केला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. अदलाबदलीत या माणसाला आजही काही मिळालं नाही. पण तो असा बसला होता, की त्याला आणखी काही हवंय असं कोणी म्हणालं नसतं.

च्युइंगम फार गोड होतं. मी ते सामना संपेपर्यंत चघळलं.